टॉक्सोप्लाझ्मोसिस: लागण ११ टक्के की ८०? आणि धोका मांजराचा की मांसाचा?

तळटीप

गरोदर स्त्रियांसाठी टॉक्सोप्लाझ्मोसिसवर (मांजराच्या विष्ठेतून किंवा मांसातून येणारा, गर्भालाही इजा करू शकणारा परजीवी आजार) एका पानाचं माहितीपत्रक तयार करायचं आहे. परजीवी कोणता, त्याचं जीवनचक्र कसं, हे माहीत आहे. तिथून सुरुवात केली नाहीत तरी चालेल. अडलंय ते आकड्यांपाशी आणि धोक्यांच्या क्रमापाशी.

एका ठिकाणी "जगातल्या एक तृतीयांश लोकांना लागण" असं वाचायला मिळतं, दुसरीकडे ११ टक्के, तिसरीकडे ८०. हे सगळे एकाच गोष्टीचे आकडे आहेत का? आणि त्यांवरून "या गरोदरपणात लागण होण्याची शक्यता किती" हे काढता येतं का?

दुसरं, कारणं. जुनी पत्रकं मांजराचं चित्र छापून मोकळी होतात. युरोपातला एक मोठा अभ्यास मांसाकडे बोट दाखवतो, अमेरिकेतला एक मातीपाण्याकडे. पान एकच आहे, तेव्हा वर काय घ्यायचं आणि काय गाळायचं? तापमान, वेळ, पद्धत असे नेमके तपशील हवेत. "स्वच्छता पाळा" छाप वाक्यं माझ्याकडे पोत्यानं आहेत.

सूक्ष्मदर्शी

आधी आकड्यांचं बघू. हे सगळे आकडे आयजीजी प्रतिपिंडांचे आहेत, म्हणजे सिरोप्रिव्हलन्सचे: किती जणांच्या रक्तात ही प्रतिपिंडं सापडतात त्याचे. एकदा लागण झाली की परजीवी स्नायूंत आणि मेंदूत सिस्टच्या (सूक्ष्म पिशव्यांच्या) रूपात तळ ठोकतो आणि आयजीजी सहसा जन्मभर पॉझिटिव्ह राहतं. त्यामुळे ३० टक्के याचा अर्थ "३० टक्के लोक आजारी" असा नाही. तेवढ्यांना आजवर कधीतरी लागण होऊन गेली, एवढाच. त्यांतल्या ८० ते ९० टक्के लोकांना काही जाणवलेलंही नसतं. बाकीच्यांना मानेतल्या गाठी सुजणं, कणकण, थकवा असं काही आठवडे राहून आपोआप ओसरतं.

ढोबळ चित्र असं: जगभरात पाव ते एक तृतीयांश लोक पॉझिटिव्ह. अमेरिकेत ६ वर्षांवरच्या लोकांत सुमारे ११ टक्के. ब्राझीलच्या बऱ्याच भागांत बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रियांमध्ये ५० ते ८० टक्के. भारतातल्या याच वयोगटातल्या स्त्रियांची २०१४ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सुमारे २२ टक्के सांगते, आणि त्यातही दक्षिणेकडे प्रमाण सर्वांत जास्त, पश्चिमेकडे सर्वांत कमी. दमट, उबदार हवेत ऊसिस्ट (मांजराच्या विष्ठेतून पडणारी परजीवीची कवचधारी अवस्था) मातीत महिनोन् महिने तग धरतात, कोरड्या तापलेल्या मातीत लवकर मरतात. एकाच देशात एवढा फरक पडण्यामागे हे एक मोठं कारण.

फ्रान्सचा आकडा वर्षाशिवाय छापूच नका. तिथल्या गरोदर स्त्रियांमध्ये १९९५ साली ५४ टक्के पॉझिटिव्ह होत्या, २००३ साली ४४, २०१० साली ३७, २०१६ साली ३१. १९६०च्या दशकात हाच आकडा ८०च्या आसपास होता. तुम्ही वाचलेला ८० बहुधा तोच जुना फ्रेंच आकडा, नाहीतर ब्राझीलचा. दोन्ही खरे, पण तुमच्या पत्रकात दोन्ही निरुपयोगी.

वयाशिवायही आकडा अर्धवटच. लागण आयुष्यभर साठत जाते, त्यामुळे २० वर्षांच्या गटापेक्षा ५० वर्षांच्या गटात प्रमाण जास्त असणारच. मात्र या साठण्याचा उपयोग करून घेता येतो. समजा तिशीतल्या स्त्रियांत २० टक्के पॉझिटिव्ह आहेत. दरवर्षी लागणीचा वेग सारखाच राहिला असं धरलं, तर निगेटिव्ह असलेल्यांत वर्षाला सुमारे ०.७४ टक्के लागण निघते (०.८चा नैसर्गिक लॉगरिदम काढायचा, चिन्ह बदलायचं आणि ३०ने भागायचं). नऊ महिन्यांसाठी ते ०.५६ टक्के. १००० गरोदर स्त्रियांत ८०० निगेटिव्ह, म्हणजे त्यांतल्या ४-५ जणींना त्या गरोदरपणात पहिली लागण.

हा आकडा वरची मर्यादा समजा. वेग पूर्वी जास्त होता आणि आता उतरलाय अशा ठिकाणी (फ्रान्स हे ठळक उदाहरण) तिशीतल्या पॉझिटिव्ह बायकांची बरीचशी लागण लहानपणची असते आणि आजचा खरा वेग हिशेबापेक्षा कमी भरतो. याला आणखी एक उलटी बाजू आहे, जी पत्रकांत कधी येत नाही: लागण कमी असलेल्या भागात जास्त स्त्रिया निगेटिव्ह, म्हणजेच लागण होऊ शकेल अशा, राहतात. त्यामुळे "आमच्याकडे प्रमाण कमी, मग काळजी कशाला" हे गणित बरोबर नाही.

कोपऱ्यातला_पशुवैद्य

आकड्यांवर वर नीट आलंय, मी मांजराचं बोलतो.

मांजर ऊसिस्ट बाहेर टाकतं ते साधारणपणे आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर १ ते ३ आठवडे. तेवढ्या काळात ते कोट्यवधी ऊसिस्ट टाकू शकतं, हे खरं. पण कुठल्याही एका दिवशी बघाल तर मांजरांपैकी जेमतेम एखादा टक्काच ते टाकत असतात. पहिली लागण बहुतेक वेळा शिकार करायला लागलेल्या पिल्लांना होते. उंदीर किंवा पक्षी खाल्ला (म्हणजे पोटात टिश्यू सिस्ट, स्नायूंतल्या त्या सिस्ट, गेल्या) की ३ ते १० दिवसांत ऊसिस्ट पडायला लागतात. तेच मांजराच्या पोटात मातीतले ऊसिस्ट गेले तर १८ दिवस किंवा त्याहून जास्त लागतात, आणि निम्म्याहून कमी मांजरं काही टाकतात. म्हणून घरातच राहणारं, तयार किंवा शिजवलेलं अन्न खाणारं, कच्चं मांस न मिळणारं मांजर जवळपास बिनधोक.

दुसरा मुद्दा वेळेचा. विष्ठा पडते तेव्हा त्यातले ऊसिस्ट लागण करण्याच्या अवस्थेत नसतात. हवा, ओल आणि ऊब मिळून ते पक्के व्हायला १ ते ५ दिवस लागतात. "मांजराच्या शौचाचा ट्रे रोज साफ करा" या सल्ल्यामागचं खरं कारण हे आहे, वासाशी त्याचा संबंध नाही. दर २४ तासांनी ट्रे रिकामा झाला तर धोक्याची संधीच राहत नाही. शनिवारचं मंगळवारी साफ केलं तर मात्र तुम्ही नेमकं पिकलेल्या ऊसिस्टमध्ये हात घालताय.

पद्धत: गरोदर बाईने हे काम दुसऱ्या कुणावर सोपवावं. कुणीच नसेल तर एकदाच वापरायचे हातमोजे घालायचे, गोळे अलगद उचलायचे, लिटर (ट्रेमधली भुकटी) हलवून धूळ उडवायची नाही, पिशवीची गाठ बांधून कचऱ्यात. शौचकूपात टाकून पाणी सोडू नका आणि कंपोस्टमध्येही नको. सांडपाणी प्रक्रियेत ऊसिस्ट मरतीलच असं नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे समुद्री ऑटर याच परजीवीने मेलेले आढळले आहेत, तिथवर तो जमिनीवरून वाहून आलेल्या पाण्यासोबत पोचतो. ट्रे धुताना उकळतं पाणी ओतून १० मिनिटं तसंच ठेवा. ब्लीचवर भरवसा नको, ऊसिस्टचं कवच त्याला दाद देत नाही. लोक इथेच फसतात: ब्लीचचा उग्र वास आला की ट्रे निर्जंतुक झाला असं वाटतं.

मांजर चावणं, ओरबाडणं, कुरवाळणं यातून हा आजार व्यवहारात पसरत नाही. मांजर अंग चाटून साफ ठेवतं, त्यामुळे विष्ठा अंगावर पिकेपर्यंत राहतच नाही.

दक्षिणवारा

एवढ्या खोलात जाण्यापेक्षा "गरोदरपणात घरात मांजर नको" असं एक वाक्य टाकलं की विषय संपत नाही का? नाहीतर मांजराची रक्ततपासणी करून घ्यायला सांगा.

कोपऱ्यातला_पशुवैद्य

संपत नाही, उलट पत्रक वाचणारी बाई गाफील राहते. मांजर घालवलं, आता मी सुरक्षित, असं समजून ती अर्धकच्चं मांस चाखत राहते, बागेतली माती उकरत राहते. त्या मातीत शेजारपाजारच्या आणि भटक्या मांजरांनी टाकलेले ऊसिस्ट वर्षभर टिकतात, ओलसर सावलीत त्याहूनही जास्त.

रक्ततपासणीचा अर्थ तर लोक नेमका उलटा लावतात. मांजराचं आयजीजी पॉझिटिव्ह आलं तर बहुधा त्याचे ऊसिस्ट टाकून झालेले असतात, म्हणजे ते त्यातल्या त्यात सुरक्षित. निगेटिव्ह आलं तर त्याला अजून लागण व्हायची आहे. आता सांगा, या निकालावरून घालवणार कुठलं मांजर? विष्ठेच्या तपासणीचाही उपयोग नाही. ऊसिस्ट पडण्याचा काळ इतका छोटा की बहुतेक वेळा तो निसटतो, आणि हॅमोंडिया नावाच्या निरुपद्रवी परजीवीचे ऊसिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब असेच दिसतात.

टाकायचंच असेल तर हे वाक्य टाका: गरोदरपणात नवीन पिल्लू आणू नका आणि असलेल्या मांजराला कच्चं मांस देऊ नका.

पातेलं

मांसाचा भाग मी घेते. अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण देणाऱ्यांकडून हा विषय नेहमी अर्ध्यावर सोडला जातो.

तळटीप, तुम्ही म्हणताय तो युरोपातला अभ्यास २००० सालचा असावा. सहा शहरांतल्या गरोदर स्त्रियांचा. त्यात केंद्रानुसार ३० ते ६३ टक्के लागण अर्धकच्च्या किंवा खारवून-वाळवून टिकवलेल्या मांसामुळे, ६ ते १७ टक्के मातीशी संपर्कामुळे, असा अंदाज निघाला. मांजर पाळण्याचा संबंध दिसलाच नाही. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कच्चा बीफ खिमा, अर्धकच्चं मेंढीचं मांस, स्थानिक पातळीवर टिकवलेलं मांस, कामानिमित्त मांस हाताळणं, बकरीचं न तापवलेलं दूध आणि घरात तीन किंवा जास्त मांजरीची पिल्लं असणं हे धोके पुढे आले. कच्चे कालव आणि शिंपलेही.

कुठल्या मांसात जास्त? मेंढी, बकरी, मोकळ्यावर वाढवलेलं डुक्कर आणि रानटी शिकार वर. गोमांसात कमी. मोकळ्या कोंबड्यांमध्ये लागण भरपूर असते, पण कोंबडी कुणी अर्धकच्ची खात नाही म्हणून माणसापर्यंत कमी पोचते. बंदिस्त गोठ्यात वाढवलेल्या डुकरांमध्ये प्रमाण खूप घटलंय, आणि श्रीमंत देशांत माणसांतली लागण उतरण्यामागे हे एक कारण मानलं जातं. दुसरं, घरोघरचे फ्रीझर.

आता तापमान. टिश्यू सिस्ट ६७ अंश सेल्सियसला लगेच मरतात. स्वयंपाकघरात वापरायचे आकडे: अखंड तुकडा आतून ६३ अंश आणि आचेवरून उतरवल्यावर ३ मिनिटं तसाच, खिमा ७१ अंश, कोंबडी ७४ अंश. खिम्याला जास्त का? अनेक जनावरांचं मांस एकत्र येतं, आणि बाहेरच्या पृष्ठभागावरचे जिवाणूही आतपर्यंत मिसळतात. थर्मामीटरचं टोक सगळ्यांत जाड जागी खुपसायचं, हाडाला टेकू द्यायचं नाही. हाड मांसाच्या तापमानाला असतंच असं नाही, आकडा चुकीचा येतो. रंगावर जाऊ नका. खिमा ७१ला पोचण्याआधीच तपकिरी दिसू शकतो. थर्मामीटर नसेल तर जाड तुकडे टाळून लहान तुकडे करून झाकण ठेवून भरपूर शिजवणं हाच सोपा मार्ग.

मायक्रोवेव्ह हा या बाबतीत बेभरवशी गडी. कडेला वाफा, मध्ये कोमट. मध्ये थांबून ढवळलं आणि झाकून पाच मिनिटं ठेवलं तर फरक पडतो, पण परजीवी मारण्याचा उपाय म्हणून त्याची शिफारस करू नका.

गोठवणं चालतं, पण अटी आहेत. उणे १२ अंशांच्या खाली साधारण तीन दिवस गेले की टिश्यू सिस्ट मरतात. हे तीन दिवस तुकड्याचा गाभा गोठल्यापासून मोजायचे. दोन किलोचा गोळा ठेवलात तर गाभ्यापर्यंत थंडी पोचायलाच दिवस जातो. स्वतंत्र दाराच्या फ्रीझरमध्ये उणे १८ मिळतं. एकाच दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात उणे १२ सुद्धा मिळेल याची खात्री नाही, दार उघडबंद होत असेल तर नाहीच. आणि गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, तेव्हा नंतर शिजवायचं आहेच. घरगुती खारवणं आणि धुरी देणं यांवर विसंबू नये: मिठाचं प्रमाण, दिवस, तापमान हे तिन्ही जुळलं तरच काम होतं, आणि घरात ते मोजत कोण बसतं?

एक गोष्ट पत्रकात हमखास राहून जाते: शिजवताना मध्येच चव बघणं. मीठ बघायला अर्धवट शिजलेल्या खिम्याची बोटभर चव घेणं म्हणजे कच्चं मांस खाणंच. तसंच फळी आणि सुरी. कच्चं मांस कापलेल्या फळीवर लगेच काकडी कापली तर पुढचं सगळं शिजवणं वाया. फळी, सुरी, ओटा आणि हात, चारही साबण आणि गरम पाण्याने. टिश्यू सिस्टमधला परजीवी साबणपाण्यापुढे टिकत नाही, ऊसिस्टसारखा चिवट नाही तो.

तळटीप

मनापासून आभार, ७१ आणि ६३चा फरक मला माहीत नव्हता. पण मग अमेरिकेतला मातीपाण्याचा अभ्यास कुठे बसवायचा? आणि मांस न खाणाऱ्या बाईने हे पत्रक वाचून "माझा संबंध नाही" म्हणून बाजूला ठेवलं तर?

पाणवठा

ठेवू नये तिने. शाकाहारी लोकांत लागण तुलनेने कमी असते, पण शून्य नसते, कारण ऊसिस्ट मातीतून, न धुतलेल्या भाजीतून आणि पाण्यातून येतात.

तुम्ही म्हणताय तो अभ्यास २०११चा. ऊसिस्टच्या आतल्या स्पोरोझॉइट अवस्थेत एक खास प्रथिन असतं, मांसातल्या सिस्टमध्ये ते नसतं. त्याविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात सापडली तर लागण ऊसिस्टमुळे झाली, आणि तीही गेल्या सहा-आठ महिन्यांत, असं म्हणता येतं. उत्तर अमेरिकेत जन्मजात टॉक्सोप्लाझ्मोसिस झालेल्या बाळांच्या आयांचं रक्त असं तपासलं तेव्हा ७८ टक्के जणींत ती सापडली. त्यांतल्या जवळपास निम्म्या जणींना आपला कधी संपर्क आला हे आठवतसुद्धा नव्हतं.

दोन्ही अभ्यासांतलं भांडण इथेच मिटतं. युरोपातला अभ्यास प्रश्नावलीचा: काय खाल्लं, काय केलं ते विचारायचं. अर्धकच्चं मांस खाल्लेलं माणसाला आठवतं. १० मायक्रॉनचा ऊसिस्ट कोथिंबिरीच्या देठाला चिकटून पोटात गेला, हे कुणाला आठवणार? त्यामुळे प्रश्नावलीत मातीपाण्याचा वाटा कमी दिसतो. देशादेशांतल्या खाण्याच्या सवयीही वेगळ्या, तो भाग आहेच. माझं मत: दोन्हींना पत्रकात सारखी जागा द्या, टक्केवारी छापू नका.

पाण्यावरून मोठ्या साथी आल्या आहेत. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात १९९५ साली नळाच्या पाण्यातून साथ आली. तीव्र लागणीचे १०० रुग्ण ओळखले गेले, पण प्रत्यक्षात लागण झालेल्यांचा अंदाज २,८९४ ते ७,७१८ असा होता. त्या पाण्यावर क्लोरामाइनची प्रक्रिया होती, गाळणी नव्हती. कोइमतूरला २००४-०५मध्ये डोळ्यांच्या टॉक्सोप्लाझ्मोसिसचे जवळपास २५० रुग्ण आढळले, तिथेही संशय शहराच्या पाणीपुरवठ्यावरच गेला. धडा दोन्हीकडे एकच: नेहमीच्या मात्रेतलं क्लोरीन ऊसिस्ट मारत नाही. पाण्याचा क्लोरीनचा वास ही या आजारापुरती हमी नव्हे.

काय चालतं: उकळणं (पाणी खळखळून उकळू द्यायचं, एक मिनिट पुरतं, ऊसिस्ट ६० अंशांनाच मिनिटभरात मरतात), आणि १ मायक्रॉन "ॲब्सोल्यूट" दर्जाची गाळणी. "नॉमिनल १ मायक्रॉन" लिहिलेली घेऊ नका, तिच्यातून त्याहून मोठे कणही काही प्रमाणात निसटतात. आरओचं पटल याहून कितीतरी बारीक असतं, फक्त फाटलेलं किंवा कडेने गळणारं नको. तुरटी फिरवून, फडक्याने गाळून पाणी नितळ दिसेल, सुरक्षित होणार नाही.

भाजी: मीठ, व्हिनेगर, पोटॅशियम परमँगनेट, यांतलं काहीही ऊसिस्ट मारत नाही. ते फक्त घासून आणि वाहत्या पाण्यानेच जातात. पालेभाजीची जुडी सोडून पानं सुटी करायची, आधी पातेल्यात खळबळून माती तळाशी बसू द्यायची, भाजी वरून उचलायची (पातेलं ओतायचं नाही, नाहीतर बसलेली माती पुन्हा पानांवर), मग पान-पान वाहत्या पाण्याखाली. कंदांना ब्रश. ज्याला साल आहे ते आधी धुवायचं आणि मग सोलायचं, उलटं केलं तर सुरी माती आतल्या गरावर नेते. गरोदरपणात कच्च्या पालेभाज्या बाहेर खाणं टाळलेलं बरं, घरची धुतलेली हरकत नाही.

बागकामाला हातमोजे, आणि मोजे काढल्यावरही साबणाने हात, नखांखालून. मुलांच्या खेळायच्या वाळूवर रात्री झाकण. मोकळी कोरडी वाळू दिसली की मांजर तिथेच जाणार.

दक्षिणवारा

बरं, मांजराचं मागे घेतो. पण मग गरोदरपणात टॉर्च तपासणी (गर्भाला धोक्याच्या काही संसर्गांची एकत्र रक्ततपासणी) करून घ्या, हे तरी लिहा की. त्यात टॉक्सो येतंच.

सूक्ष्मदर्शी

तपासणीचं लिहायचं असेल तर फार सांभाळून, कारण या आजारात लागणीपेक्षा चुकीच्या वाचनाने जास्त घबराट होते.

आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम (लागणीच्या सुरुवातीला उगवणारं प्रतिपिंड) निगेटिव्ह: पहिल्या सहा महिन्यांत केलेली तपासणी असेल तर लागण जुनी, प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या बाईच्या बाळाला व्यवहारात धोका नाही. ही खरं तर चांगली बातमी, पण अहवालात "पॉझिटिव्ह" ठळक अक्षरांत दिसतं आणि घरात रडारड सुरू होते.

दोन्ही निगेटिव्ह: लागण झालेली नाही, होऊ शकते. तुमचं पत्रक खरं म्हणजे हिच्यासाठी आहे.

आयजीएम पॉझिटिव्ह: सगळा घोळ इथे. आयजीएम काही महिने, कधीकधी वर्षाहूनही जास्त टिकतं, आणि खोटं पॉझिटिव्हही बऱ्यापैकी येतं. नुसत्या आयजीएमवरून "ताजी लागण" असं म्हणायचं नाही, औषध सुरू करायचं नाही, गर्भपाताचा विचार तर अजिबात नाही. आयजीजी निगेटिव्ह असेल तर दोन-तीन आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी. तोवर आयजीजी उगवलं नाही तर आधीचं आयजीएम खोटं. दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर प्रतिपिंड किती घट्ट चिकटतं ते मोजायचं (लागण जुनी तसं जास्त घट्ट), म्हणजे आयजीजी अ‍ॅव्हिडिटी. पहिल्या १६ आठवड्यांत अ‍ॅव्हिडिटी उच्च आली तर लागण किमान चार महिन्यांपूर्वीची, म्हणजे गर्भधारणेच्या आधीची किंवा त्या सुमाराची. कमी आली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण काही जणींत ती महिनोन् महिने कमीच राहते. आणि सातव्या महिन्यात केलेली उच्च अ‍ॅव्हिडिटी पहिल्या तिमाहीतली लागण नाकारू शकत नाही. म्हणून तपासणी करायचीच तर लवकर करायची.

लागण खरंच गरोदरपणातली असेल तर बाळापर्यंत पोचण्याची शक्यता आठवड्यांनुसार वाढते: १३व्या आठवड्यात झालेल्या लागणीत सुमारे १५ टक्के, २६व्यात ४४, ३६व्यात ७१. गंभीरपणा नेमका उलट्या दिशेने जातो, लवकरची लागण पोचते कमी पण पोचली तर मेंदू-डोळ्यांचं नुकसान जास्त. खात्रीसाठी गर्भजलाचा पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी), १८ आठवड्यांनंतर आणि लागणीला किमान चार आठवडे झाल्यावर. त्याआधी केला तर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. औषधांचं पत्रकात घेऊ नका, तो डॉक्टरांचा विषय.

वारंवार गर्भपात होतात म्हणून टॉर्च करून टॉक्सोच्या जुन्या आयजीजीवर खापर फोडायची पद्धत आहे, तिला आधार नाही. फ्रान्स दरमहा तपासतं ते निगेटिव्ह स्त्रियांना, ताजी लागण वेळेत पकडण्यासाठी. एकदाच केलेल्या टॉर्चची त्याच्याशी बरोबरी होत नाही.

रातवा

एक गट सुटला. एचआयव्ही असलेल्या गरोदर स्त्रीमध्ये जुनी लागणही डोकं वर काढू शकते, विशेषतः सीडी४ पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) १००च्या खाली गेल्यावर. तेव्हा "आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे निश्चिंत" हे वाक्य तिला लागू नाही. अशांना प्रतिबंधक म्हणून को-ट्रायमॉक्सॅझोल देतात, आणि तेच औषध एका विशिष्ट न्यूमोनियापासूनही वाचवतं. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांचंही तसंच, त्यात हृदय सर्वांत धोक्याचं: दाता पॉझिटिव्ह आणि घेणारा निगेटिव्ह असेल तर सिस्ट हृदयाच्या स्नायूबरोबरच येतात.

टॉक्सोमुळे माणूस बेफिकीर होतो, स्किझोफ्रेनिया होतो वगैरे मजकूर पत्रकात घेण्याचा मोह होईल. न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या दीर्घकालीन पाहणीतून २०१६ साली असा संबंध फारसा दिसला नाही. गाळा.

तळटीप

तुमच्या सगळ्यांच्या मजकुरावरून कच्चा आराखडा झाला. दोन वाक्यांबद्दल शंका आहे: "मांस, भाज्या व फळे तीन दिवस गोठवून वापरल्यास धोका टळतो" आणि "मांजराचा ट्रे दर दोन दिवसांनी साफ करावा." बरोबर?

पाणवठा

पहिल्यातून भाज्या आणि फळं काढा. गोठवणं चालतं ते फक्त मांसातल्या टिश्यू सिस्टना. भाजीवर असतो ऊसिस्ट, आणि तो उणे २० अंशांतही आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. गोठवलेली फळं कच्ची खायची असतील तर गोठवण्याआधी धुतलेली हवीत.

कोपऱ्यातला_पशुवैद्य

दुसऱ्यात "दर २४ तासांनी" करा. ऊसिस्ट लवकरात लवकर एका दिवसात पिकतात, दोन दिवस म्हणजे आधीच उशीर. जमलं तर त्याच ओळीत "गरोदर स्त्रीखेरीज दुसऱ्या कुणीतरी" हेही घाला.